९८ अंश पेनाने लिहिणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

तुमचे नाव मी या पत्रात लिहिणार नाही. तालुक्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात तुम्ही इतकी वर्षे प्रयोगशाळा परिचर म्हणून काम करता, तेथील सारी मुले तुम्हाला मामाच म्हणतात, आणि माझी मुलगीही पहिल्या भेटीतच तसे म्हणू लागली. तेव्हा हेच संबोधन मलाही पुरे आहे. हे पत्र तुमच्या हातात आणून देता आले असते, पण मग "त्यात काय एवढं" असे म्हणून तुम्ही द्राक्षांच्या भावाची चौकशी सुरू केली असती. शिवाय ज्यांनी तिच्या प्रयोगवहीवर लाल शेरा मारला, त्यांच्याही वाचनात हे यावे, अशी माझी इच्छा आहे. ती लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

निफाड तालुक्यात राहणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने पाण्याचा उत्कलनबिंदू मोजला, तापमापीवर तिला ९८ अंश सेल्सिअस दिसले आणि तिने तेवढेच लिहिले, हा तिचा गुन्हा. शाळेत तिला तो आकडा खोडरबराने पुसून तेथे १०० लिहायला लावले, कारण पुस्तकात १०० आहे. तिच्या गटातील ज्या मुलांनी पाण्याला उकळी फुटण्याआधीच १०० लिहून ठेवले होते, त्यांना पूर्ण गुण मिळाले. खासगी क्लासमध्ये तर तापमापी आणण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. गाईडमधले उत्तर पाठ असल्यावर प्रयोग हवा कशाला, असा तेथला एकंदर खाक्या. त्याच सुमारास तिने आणखी एक प्रश्न विचारला होता. भौतिक बदल तात्पुरता आणि रासायनिक बदल कायमचा असे जर लिहायचे असेल, तर फाडलेला कागद पुन्हा कधीच अखंड होत नाही, मग कागद फाडणे भौतिक बदलांच्या रकान्यात कसे? "जास्त शहाणपणा नको" हे त्यावर मिळालेले उत्तर होते. त्यानंतर विज्ञानाच्या तासाला तिने हात वर करणे सोडले, आणि घरी अभ्यासाला बसली की स्थायू, द्रव आणि वायू यांच्या व्याख्या ती एका सुरात, अर्थाशी काही देणेघेणे नसल्यासारख्या म्हणू लागली. गुण कमी पडल्याचे दुःख मला फारसे झाले नाही. ते एकसुरी पाठांतर ऐकणे मात्र मला जड गेले.

आम्ही तुमच्यापर्यंत कसे पोहोचलो, सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडण्याची परवानगी कशी मिळाली, हे सारे येथे सांगत बसत नाही. ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, तीच सांगते.

तुम्ही चंचुपात्रात पाणी घेऊन खाली दिवा लावलात, तापमापी तळाला टेकणार नाही अशी अडकवलीत आणि दर मिनिटाला तापमान वाचण्याचे काम तिच्याकडे दिलेत. पारा चढत गेला, पाण्याला खळखळून उकळी आली आणि पारा पुन्हा ९८ वर थांबला. ती काही बोलेना. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले. "किती?" तुम्ही विचारलेत. "अठ्ठ्याण्णव," ती इतक्या हळू म्हणाली की मला जेमतेम ऐकू आले. तुम्ही तापमापीकडे वळूनसुद्धा पाहिले नाहीत. खिशाचे पेन काढलेत आणि तिच्या वहीत, तिच्या समोर, ९८ लिहिलेत.

मामा, तुम्हाला हे आठवतही नसेल. पण शाळेत निरीक्षणे पेन्सिलीने लिहायची आणि सरांनी "बरोबर" म्हटल्यावरच ती पेनाने गिरवायची, ही पद्धत अंगवळणी पडलेल्या मुलीसाठी तुमचे ते पेन काय होते, हे त्या वेळी तिचा चेहरा पाहणाऱ्या मलाच ठाऊक आहे. तिने वाचलेला आकडा तुम्ही तपासून घेतला नाहीत. ती वाचते आहे, म्हणजे तो आकडा तेथे असणार, एवढे तुम्ही गृहीत धरलेत. एवढा विश्वास तिच्या डोळ्यांवर मीसुद्धा दाखवला असता का, याची मला खात्री नाही. तुम्ही दुसरी तापमापी काढलीत ती पुढे, तिनेच "ही तापमापी बिघडलेली तर नसेल?" असे विचारल्यावर. दुसरीतही ९८ आले, आणि तेही तुम्ही पेनानेच लिहिलेत.

त्यानंतर तुम्ही जे सांगितलेत, ते सांगायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. ते आधी कोणालाही सांगता आले असते. पाण्यातून सुटू पाहणाऱ्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. समुद्रसपाटीला ती वेळ १०० अंशांवर येते. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच, येथे डोक्यावरची हवा तेवढी कमी, म्हणून पाण्याला येथे ९८ अंशांच्या आसपासच उकळी फुटते. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर हाच प्रयोग केला तर पारा ९५ च्याही किंचित खाली थांबेल, आणि प्रेशर कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेचा दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. म्हणजे पुस्तकातील १०० हा आकडा चुकीचा नाहीच. तो एका ठरावीक दाबासाठी आहे, आणि ही अट सांगायचे राहून गेले होते. पुस्तकाला खोटे न पाडता मुलीला खरे ठरवणे इतके सोपे असताना तिला खोडरबर का दिले गेले, हे मला अजून उमगलेले नाही.

पुढे मी मिळेल ते वाचले, तेव्हा एक गंमत हाती लागली. ज्यांच्या नावाने आपण अंश मोजतो, त्या स्वीडनच्या आंद्रेस सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हा हवेच्या दाबानुसार पाण्याचा उत्कलनबिंदू बदलतो, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते नोंदवूनही ठेवले होते. विशेष म्हणजे त्यांच्या मूळ पट्टीवर पाणी उकळते तेथे शून्य होते आणि बर्फ वितळतो तेथे १००. ती पट्टी त्यांच्या पश्चात उलटी करण्यात आली. मुलीला हे सांगितल्यावर ती खूप हसली. त्यांना आमच्या शाळेत किती गुण मिळाले असते, असे तिने विचारले.

त्या दिवशी तुम्ही दिवा लगेच विझवू दिला नाहीत, हेही माझ्या लक्षात राहिले आहे. उकळी आल्यानंतर बराच वेळ तुम्ही तिला वाचतच ठेवलेत, आणि ज्योत तशीच असूनही प्रत्येक मिनिटाला तोच आकडा येत राहिला. उष्णता जाते आहे तरी कोठे, हा प्रश्न तुम्ही तिच्याच तोंडून येऊ दिलात. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी पुरतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात, आणि ही सारी उष्णता पाण्याचे कण एकमेकांपासून सुटे करण्यात खर्ची पडते. त्यामुळे पाऱ्याला वर चढायला काही शिल्लक राहत नाही. अवस्थांतर होत असताना तापमान स्थिर राहते, हे वाक्य तिने कितीतरी वेळा पाठ म्हटले होते. त्याचा आलेख तिने स्वतः काढला, तेव्हा ती आडवी रेषा पट्टीने आखण्याची तिला गरज वाटली नाही; बिंदूच सरळ ओळीत पडले होते.

कागदाच्या प्रश्नाला तर तुम्ही शब्दांनी उत्तर दिलेच नाहीत. कपाटातून मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, बाटली काढून पाच ग्रॅम निळे स्फटिक तिला तोलायला लावलेत आणि चिनी मातीच्या बशीत तापवायला दिलेत. निळा रंग विटत विटत पांढरी भुकटी उरली, वर धरलेल्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमले, आणि बशी निवल्यावर भुकटीचे वजन ३.३ ग्रॅम भरले. हिशेबाने ते ३.२ च्या आसपास यायला हवे, म्हणजे थोडे पाणी स्फटिकांत राहिले असणार, असे तुम्ही सांगितलेत. पण वहीत लिहिलेत ३.३ च. मग त्या पांढऱ्या भुकटीवर तिलाच पाण्याचे काही थेंब टाकायला सांगितलेत. ती पुन्हा निळी झाली आणि बशी हाताला कोमट लागू लागली. मोरचुदाच्या स्फटिकातील पाणी ताम्राच्या क्षाराशी रासायनिकरीत्या बांधलेले असते. ते निघाले की पदार्थच बदलतो, आणि तरीही हा बदल उलटवता येतो. उलट कागद फाडला की तो पुन्हा जुळत नाही, पण प्रत्येक तुकडा कागदच राहतो. तोच कागद जाळला तर राख उरते, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातात, आणि कागद म्हणावे असे काही शिल्लक राहत नाही. "परत होतं का ते नंतर बघ, आधी बघ नवं काही झालं का," एवढे एकच वाक्य तुम्ही बोललात. कायमचा आणि तात्पुरता हे रकाने आखून दिले की तपासणाऱ्याला गुण देणे सोपे जाते, एवढाच त्यांचा उपयोग असावा, असे माझे मत झाले आहे.

हात साबणाने धुवायला लावून तुम्ही तिला विचारलेत, "मोरचूद घरी पाहिलंय का कधी?" तेव्हा तिची जी कळी खुलली, ती तुम्ही पाहिलीत. आमच्या द्राक्षबागेत छाटणीनंतर बुरशी रोखणाऱ्या बोर्डो मिश्रणाची फवारणी असतेच. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि तेवढाच चुना, हे प्रमाण तिला झोपेतही सांगता येईल. तिचे आजोबा मिश्रण तयार झाले की त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात, आणि ड्रम कधीही लोखंडी घेत नाहीत. हे तिने लहानपणापासून पाहिले होते, पण पुस्तकातील धड्याशी त्याचा संबंध लावण्याची परवानगी तिला कोणी दिली नव्हती. लोखंड द्रावणातील तांब्याला बाहेर काढून त्याची जागा स्वतः घेते, पात्यावर दिसतो तो थर खऱ्याखुऱ्या तांब्याचाच, आणि चुना पुरेसा असला की तांबे द्रावणात मोकळे राहत नाही, हे तुम्ही उलगडून सांगितलेत. "तुझे आजोबा रोज रासायनिक बदल तपासतात, त्यांना कोण गुण देतं?" या तुमच्या प्रश्नावर आजोबा घरी आठवडाभर खूश होते. द्राक्षाचा बेदाणा होतो तेव्हा कोणता बदल होतो, यावर त्या दोघांची चर्चा अजून संपलेली नाही. पाणी उडून जाणे भौतिक, पण मणी तपकिरी पडणे रासायनिक, म्हणजे एकाच वेळी दोन्ही, अशा तडजोडीपर्यंत सध्या ते आले आहेत.

मामा, तुमच्या नेमणुकीच्या कागदावर शिकवणे हे काम लिहिलेले नाही. उपकरणे धुणे, बाटल्या भरणे, कपाटांना कुलपे लावणे ही तुमची कामे, आणि ती करून घरी निघून जाण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला होता. शिकवण्याचा पगार आणि शिकवण्याची फी घेणाऱ्यांनी जे दार लावून घेतले, ते तुम्ही आपल्या खिशातील किल्लीने उघडलेत आणि वर पोरीला खुर्ची देऊन स्वतः उभे राहिलात. भली माणसे आपल्याकडे कमी आहेत असे मला वाटत नाही. ती बहुधा अशा जागी असतात जेथे त्यांच्या नावाची पाटी नसते, आणि म्हणून ज्याला गरज आहे त्याला ती फार उशिरा सापडतात. आम्हाला तुम्ही उशिरा सापडलात, पण आठवी संपण्याआधी सापडलात.

वहीवरचा लाल शेरा अजून तसाच आहे. तो पुसून घ्यावा म्हणून मी शाळेत जाणार होते, पण तिने मला थांबवले. त्या शेऱ्याच्या समोरच्या पानावर तिने तुमच्या अक्षरातील ९८ चे पान चिकटवले आहे आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे, तीही पेनाने. आता मीठ घातलेले पाणी किती अंशांवर उकळते, हे तिला पाहायचे आहे, आणि किती पाण्याला किती मीठ याची यादी तिने आधीच करून ठेवली आहे. दिवाळीच्या सुटीत तुम्ही गावातच असाल तर कळवावे. मीठ आम्ही घरून आणू.

आपली नम्र,
आठवीतल्या एका मुलीची आई