चुकीच्या व्हॅक्यूम गेजबाबत तक्रार

प्रति,
विक्री व सेवा विभाग

विषय : हायड्रोजन क्लोराइडच्या लाइनवर न चालणारे गेज पुरवल्याबाबत

महोदय,

चौकशीच्या पत्रात आम्ही पहिल्याच ओळीत लिहिले होते : वायू हायड्रोजन क्लोराइड, सोबत थोडा क्लोरीन, दाब 1 ते 50 मिलिबार. तरीही आपण सोन्याचा मुलामा दिलेल्या टंगस्टन फिलामेंटचे दोन पिरानी गेज (आतल्या बारीक तापलेल्या तारेवरून दाब मोजणारे) पाठवले. शंका विचारली तेव्हा आपले प्रतिनिधी म्हणाले, "बॉडी एसएस 316 ची आहे, काही होत नाही." स्टेनलेस स्टीलच्या बॉडीचे आम्ही विचारलेच नव्हते. वायू आतल्या केसाएवढ्या तारेलाही लागतो.

तिसऱ्या आठवड्यात लाइन हवेला उघडी असताना, म्हणजे दाब साधारण 1000 मिलिबार असताना, पहिला गेज 640 मिलिबार दाखवू लागला. काढून पाहिला, तर तार काळी पडलेली, एका टोकाला झिजलेली, मुलामा ठिपक्यांपुरता उरलेला. नायट्राइल रबराची ओ-रिंग (सील) फुगून खाचेबाहेर आली होती.

गेज नवा होता तेव्हाही रीडिंग चुकतच होते. शेजारच्या जुन्या डायफ्रॅम गेजवर 20 असताना हा 11 सांगत होता. पिरानी तारेची उष्णता वायू किती ओढून नेतो त्यावरून दाब ठरवतो. आपले कॅलिब्रेशन नायट्रोजनचे, आणि हायड्रोजन क्लोराइड त्याच्या जेमतेम निम्मी उष्णता वाहून नेतो. म्हणजे व्हॅक्यूम आहे त्यापेक्षा चांगला दिसतो, आणि त्याच आकड्यावर आमचा इंटरलॉक (दाब ठरल्याइतका उतरला तरच व्हॉल्व्ह उघडू देणारी सुरक्षा यंत्रणा) व्हॉल्व्ह उघडतो!

दुसऱ्या गेजच्या लाइनवर एकदा पर्ज (नायट्रोजन सोडून आतला वायू बाहेर काढणे) अर्धवट ठेवून लाइन उघडली गेली, ती चूक आमची. दमट हवेत या वायूचे आम्लच होते. त्या गेजवर आम्ही भांडत नाही. पण पहिला त्याआधीच गेला होता.

आता आपण कळवता की संक्षारक वायूमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. मग वायूचे नाव वाचून ऑर्डर घेतली कशी?

पहिला गेज परत घेऊन त्याची रक्कम अ‍ॅल्युमिना डायफ्रॅमच्या कपॅसिटन्स गेजमध्ये वळती करावी. त्यात सिरॅमिकचा पडदा दाबाने किती वाकतो ते मोजले जाते, म्हणून रीडिंग वायूवर अवलंबून नसते. बॉडी हीटेड हवी, ओ-रिंग एफएफकेएमची (रसायनांना टिकणाऱ्या रबराची). वायूला लागणाऱ्या प्रत्येक भागाचे मटेरियल, सील आणि ब्रेझिंगसह (धातूच्या जोडांसह), माल निघण्याआधी लेखी कळवावे. फोनवरचे आश्वासन या वेळी चालणार नाही.

दोन्ही गेज नायट्रोजनने पर्ज करून सीलबंद पिशव्यांत ठेवले आहेत. उघडताना हातमोजे घालावेत.

आपला,
देखभाल विभागप्रमुख