पहिल्या पावसाच्या चार संध्याकाळी द्या : रोपवन वाचवण्यासाठी ग्रामसभेचं आवाहन

सर्व गावकरी आणि कामानिमित्त बाहेरगावी असलेली आपली मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

वनहक्क कायद्याखाली आपल्या ग्रामसभेकडे आलेल्या जंगलात सागाचं नवं रोपवन उभं राहतंय. आगीच्या आणि गुरांच्या राखणीच्या पाळ्या ठरल्यात, त्या नीट चालू आहेत. आजचं मागणं मुळं खाणाऱ्या हुमणी अळीच्या बंदोबस्तासाठी आहे. यंदा पहिला पाऊस पडला की ओळीने चार संध्याकाळी घरटी एक माणूस हवा, आणि थोडं सामान.

गेल्या वर्षी नागपंचमीला हिरवीगार असलेली रोपं पोळ्यापर्यंत माना टाकून बसली. वरून पाहणाऱ्याला वाटतं, पाण्याची ओढ बसली. पण रोप धरून ओढलं की अलगद हातात येतं, खाली मूळच नसतं. खड्डा उकरला की अर्धगोल वळलेली पांढरी अळी सापडते. सागजडी, म्हणजे लावणीसाठी छाटलेलं सागाचं खोडमूळ, लावली की तिला नवी कोवळी मुळं फुटतात ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि हुमणीची भूकही तेव्हाच वाढलेली असते. रोप सुकलेलं दिसेस्तोवर पाऊस सरत आलेला असतो, मग नांगे भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायलाही, वेळ उरत नाही. एक वर्ष वाया.

सोयाबीनवाल्यांना ही अळी नवी नाही. वर्षातून तिची एकच पिढी होते. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडला की दिवेलागणीनंतर तिचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथेच जोड्या लागतात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतात. एक मादी ५० ते ६० अंडी घालते. अळी मातीत गेली की तिला शोधत फिरणं अवघड. भुंगेरा मात्र डोळ्यांसमोर झाडावर बसलेला असतो, फांदी हलवली की टपटप खाली पडतो. म्हणून मारायचं ते याच चार संध्याकाळी, आणि सगळ्यांनी एकदम. हुमणी जंगलातून शेतात येते की शेतातून जंगलात, यावर मागच्या सभेत बरीच तोंडातोंडी झाली. भुंगेऱ्याला कोणाचा धुरा, कोणाचा बांध कळत नाही. तुमच्या धुऱ्यावरचा निंब सुटला तर रोपवनातली मेहनत फुकट जाईल.

काही जणांनी पानं खाणाऱ्या अळ्यांवर फवारणी सुचवली आहे. पानांवरची कीड किरकोळ असते असं आम्ही म्हणत नाही. केरळच्या वनसंशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या सागवनात पाच वर्षं मोजमाप केलं, तेव्हा पावसाच्या सुरुवातीला पालवी फस्त करणाऱ्या अळीमुळे लाकडाची ४४ टक्के वाढ बुडालेली आढळली. पण पावसाळा संपताना जी अळी पानांची जाळी करून ठेवते, आणि जिला पाहून आपण सगळे घाबरतो, तिचा वाढीवर लक्षात घेण्याजोगा परिणाम त्यांना दिसला नाही. तोवर झाडाची वर्षाची वाढ बहुतेक होऊन गेलेली असते. म्हणून जाळी झालेल्या पानांवर वर्गणीतला एक रुपयाही घालायचा नाही, असं समितीचं मत आहे. पालवी खाणाऱ्या अळीवर जूनपासून नजर ठेवू. पाला गेला तरी रोप पुन्हा फुटतं, मूळ गेलं की रोपच जातं.

खड्ड्यात विषारी दाणे टाकायचे नाहीत. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर २०२० अखेर बंदी आलीच आहे, आणि ज्या जमिनीवरून आपण मोह वेचतो तिथे असलं काही नकोच.

आता सामान. चार्जिंगचे दिवे किंवा जुन्या पण चालू बॅटऱ्या, पसरट टब, घमेली, लांब आकड्या आणि झाडाखाली अंथरायला जुनी ताडपत्री. भुंगेरे बुडवायला रॉकेल लागतं. रेशनवर ते मिळण्याचे दिवस गेले, तरी कोणाच्या माळ्यावर एखादी बाटली उरली असेल तर आणा. शेणखत द्यायचं असेल तर पूर्ण कुजलेलंच द्या. ताज्या शेणाच्या ढिगात हुमणी आयती वाढते, म्हणून तसली गाडी परत पाठवावी लागेल, राग मानू नये. निंबोळ्या वेचून आणल्या तर उत्तमच. त्यांची पेंड करून खड्ड्यात घालू, उधळीलाही, म्हणजे वाळवीलाही, तिचा त्रास होतो.

पुण्या-मुंबईला, नागपूरला असलेल्यांना त्या संध्याकाळी येणं जमणार नाही, त्यांनी जमेल तेवढी वर्गणी पाठवावी. त्यातून निंबोळी पेंड, हुमणीला रोग लावणारी मेटारायझियम बुरशी आणि नांगे भरायला लागणाऱ्या सागजड्या घेऊ. रक्कम ग्रामसभेच्या खात्यावर किंवा समितीच्या सदस्याकडे द्यावी आणि पावती घ्यावी. पावतीशिवाय कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल.

पाऊस पडला त्याच दिवशी दुपारी दवंडी होईल. संध्याकाळी सातला शाळेपाशी जमायचं. पायात बूट आणि हातात टॉर्च असू द्या, पहिल्या पावसात सापही बाहेर पडतात. पोरांना आणायला हरकत नाही, पण ती मोठ्यांच्या सोबतच राहतील.

आपली,
ग्रामसभा व सामूहिक वन व्यवस्थापन समिती