मासिक बैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपली मासिक बैठक येत्या रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता नेहमीच्या सभागृहात होईल. रोजच्या अडचणी आणि नाशिकमधील ताज्या घडामोडी यांविषयीचे मनोगत प्रत्येकाने एका पानात लिहून आणावे.

नळाला कमी दाबाने येणारे पाणी, २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे बदललेले जाण्यायेण्याचे मार्ग, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर विक्रेत्यांची उडणारी तारांबळ, आणि गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आले की छातीपर्यंत, यावरून आजही बांधला जाणारा पुराचा अंदाज, हे सारे लिहिण्याजोगे आहे. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर उतरवून आणू नये. मागील बैठकीत एकच पूरवार्ता तिघांनी वाचली आणि तिघांच्याही वाचनात पाणी निरनिराळ्या उंचीवर होते. विसर्गाचा क्युसेकमधील आकडा देताना तारखेबरोबर वेळही नोंदवावी, कारण दुपारचा आकडा रात्रीपर्यंत टिकेलच असे नाही. तक्रार जरूर मांडावी, परंतु कोणाचे नाव घेऊन दूषणे देऊ नयेत.

सभागृहासमोर खोदकाम सुरू असल्याने दुचाकी मागील गल्लीत लावाव्यात. ज्येष्ठ सभासदांनी शक्यतो सोबत घेऊनच यावे.

– कार्यवाह