चाचणी चालू असताना आकडे कोणी पाहावेत?

मा. संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत औषधांच्या ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ चाचण्यांवर, म्हणजे जमत जाणारे आकडे पाहून चालू असतानाच आराखड्यात बदल करता येणाऱ्या चाचण्यांवर, आलेला लेख आणि त्यावर छापलेली दोन वाचकपत्रे मी वाचली. लेखकाला या पद्धतीचा वेग भावला आहे, तर पत्रलेखकांना तीत डाव अर्ध्यावर आल्यावर नियम बदलण्याची लबाडी दिसते. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले आणि काही वर्षे एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे अशा चाचण्यांना नैतिक बाजू तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर, काम केले. त्या अनुभवावरून मला वाटते की दोन्ही बाजूंनी मुख्य मुद्द्याला हातच लावलेला नाही. कोणता बदल, कोणते आकडे पाहून आणि कोणाच्या हातून होईल, हे पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी लिहून ठेवले होते की नाही, यावर अशा चाचणीची विश्वासार्हता ठरते.

नेहमीच्या चाचणीत रुग्णसंख्या आधी ठरते, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची नव्या औषधाच्या आणि प्रचलित उपचाराच्या गटांत विभागणी होते आणि शेवटच्या रुग्णाची नोंद पूर्ण झाल्यावर एकदाच हिशेब केला जातो. औषध मुळात निरुपयोगी असूनही निव्वळ योगायोगाने परिणामकारक भासण्याची जोखीम आपण साधारणपणे शंभरात पाच इतकी मान्य करतो. हाच हिशेब मध्येमध्ये करून ज्या दिवशी फरक ‘लक्षणीय’ दिसेल त्या दिवशी थांबायचे ठरवले, तर ही जोखीम किती वाढते याचे गणित ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडले. दोनदा पाहिल्यास ती ८.३ टक्के होते, पाचदा पाहिल्यास १४.२ आणि दहादा पाहिल्यास १९.३ टक्के. यात कोणी एकही खोटी नोंद केलेली नसते. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या गृहिणीला कच्चे शीत लागले तर ती पुन्हा झाकण ठेवते, आणि आणखी दोन-चार शिते दाबून पाहिल्याशिवाय गॅस बंद करत नाही. उतावळा संशोधक मात्र मनासारखे पहिले शीत हाताला लागताच गॅस बंद करतो.

यावरचा उपाय नवा नाही. पोकॉक यांनी १९७७ मध्ये दाखवले की पाच वेळा पाहायचे असेल तर प्रत्येक वेळी पाच टक्क्यांऐवजी सुमारे १.५८ टक्क्यांची कडक कसोटी लावावी, म्हणजे एकूण जोखीम पाच टक्क्यांतच राहते. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांची १९७९ मधली पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. तीत पाचांपैकी पहिल्या वेळची कसोटी इतकी कठोर असते की निरुपयोगी औषध तीतून दहा लाखांत जेमतेम पाच वेळा निसटेल, आणि शेवटच्या वेळची कसोटी मात्र चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या कसोटीला जवळची असते. थोड्या रुग्णांवरून घाईने घोषणा करण्याचा मोह तीत आपोआप आवरला जातो. पुढे १९८३ मध्ये लॅन आणि डिमेट्स यांनी ही जोखीम महिन्याच्या पगारासारखी मानून ती केव्हा किती खर्च करायची याचे वेळापत्रक आधी आखण्याची रीत दिली, त्यामुळे पाहण्याचे दिवस नेमके ठरलेले नसले तरी हिशेब बिघडत नाही.

टप्प्याटप्प्याने आकडे पाहत पुरेसा पुरावा जमताच थांबण्याच्या या विचाराचे मूळ संख्याशास्त्रज्ञ आब्राहाम वॉल्ड यांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या कामात आहे. आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते की बंगालमधल्या तागाच्या पिकाखालील क्षेत्राचा अंदाज टप्प्याटप्प्याने घेणाऱ्या भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहण्यांना वॉल्ड यांनी आपल्या पद्धतीचे पूर्वरूप मानले होते. भारताच्या निमंत्रणावरून आलेले वॉल्ड १९५० च्या डिसेंबरमध्ये निलगिरीत झालेल्या विमान अपघातात पत्नीसह मरण पावले. हे विषयांतर झाले, पण ही विद्या परदेशातून आयात केलेली फॅशन आहे असे जे एका पत्रात सुचवले गेले, त्याला एवढे उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

आता कोविडकाळातल्या ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीकडे वळतो, कारण लेखात तिचा गौरव आहे, पण तिच्यातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट लेखातून सुटली आहे. २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या या चाचणीत एकाच प्रचलित उपचाराशी अनेक औषधांची तुलना चालू होती आणि औषधे मध्येच जोडता किंवा वगळता येत होती. साथ किती पसरेल हे कोणालाच माहीत नसल्यामुळे रुग्णसंख्या आरंभी ठरवलेली नव्हती. डेक्सामेथासोन या स्टिरॉइड औषधाच्या गटात सुमारे दोन हजार रुग्ण पुरेसे होतील, हे संचालन समितीने चाचणी चालू असतानाच ठरवले. मात्र तोवरचे निकाल त्या समितीसमोर नव्हते. ते पाहण्याचा अधिकार फक्त एका स्वतंत्र आकडेवारी-निरीक्षण समितीला होता. म्हणून १६ जून २०२० रोजी जाहीर झालेला निकाल टिकला: व्हेंटिलेटरवरील रुग्णांमध्ये २८ दिवसांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गट त्याच महिन्यात बंद झाला, कारण त्याचा फायदा दिसला नाही: अंतिम हिशेबात त्या गटातील मृत्यू २७ टक्के होते आणि प्रचलित उपचाराच्या गटात २५ टक्के. दोन्ही वेळा बदल झाला, पण ज्यांनी आकडे आधी पाहिले आणि ज्यांनी आराखडा आखला ते लोक वेगळे होते.

याउलट नियम आधी लिहूनही चाचणी कशी फसते याचा धडा नवजात बालकांच्या एक्मो उपचाराने, म्हणजे शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्ताला ऑक्सिजन देण्याच्या उपचाराने, दिला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ‘जिंकणाऱ्याच्या बाजूने कौल’ अशी पद्धत वापरली होती. दोन रंगांचे दोन चेंडू असलेल्या हंडीतून चेंडू काढून उपचार ठरवायचा आणि बाळ वाचले तर त्याच उपचाराच्या रंगाचा, दगावले तर दुसऱ्या उपचाराच्या रंगाचा आणखी एक चेंडू हंडीत टाकायचा, अशी ती योजना होती. जो उपचार हरत आहे त्याच्या वाट्याला कमीत कमी बाळे जावीत, हा तिच्यामागचा हेतू कोणालाही पटावा असाच आहे. पहिल्या बाळाला एक्मो मिळाले व ते वाचले; दुसऱ्याला प्रचलित उपचार मिळाले व ते दगावले; त्यानंतरची दहाही बाळे एक्मोच्या वाट्याला गेली आणि वाचली. पुरावा काय उरला? अकराविरुद्ध एक, आणि ते एकच बाळ कदाचित मुळातच अधिक गंभीर असेल. हा निकाल पुष्कळांना पटला नाही. बोस्टनमध्ये दुसरी चाचणी झाली, तीत प्रचलित उपचार घेतलेल्या दहा बाळांपैकी चार गेली आणि एक्मोवरची नऊही वाचली. वाद तरीही मिटला नाही. अखेर ब्रिटनमध्ये १८५ बालकांवर दोन जवळपास समान गट पाडून चाचणी केली गेली आणि १९९६ मध्ये तिचा निकाल आला: एक्मोच्या ९३ पैकी ३० बालके दगावली, प्रचलित उपचारांच्या ९२ पैकी ५४. पहिल्या चाचणीतली दया इतकी घाईची होती की तिने इतरांना पटेल असा पुरावाच मागे ठेवला नाही, आणि त्याची किंमत पुढच्या चाचण्यांतल्या बालकांनी मोजली, असे मी याचे वाचन करतो. ते कोणाला कठोर वाटेल याची मला कल्पना आहे.

कौल बदलत जाणाऱ्या चाचण्यांत आणखी एक खोच असते. साथीच्या दिवसांत जानेवारीत दाखल झालेला रुग्ण आणि एप्रिलच्या लाटेत दाखल झालेला रुग्ण सारखे नसतात. विषाणू, खाटांची टंचाई, डॉक्टरांचा अनुभव, सगळेच बदललेले असते. एखाद्या औषधाकडे उत्तरोत्तर जास्त रुग्ण वळवले आणि त्याच काळात एकूणच रुग्ण सौम्य होत गेले, तर श्रेय औषधाला मिळते आणि ते त्याचे नसते. म्हणून नव्या औषधाची तुलना त्याच काळात दाखल झालेल्या प्रचलित उपचाराच्या रुग्णांशीच करावी लागते.

चाचणी ‘व्यर्थ आहे’ म्हणून लवकर बंद करण्याचा नियमही निर्धोक नसतो. अल्झायमरवरील अ‍ॅड्युकॅन्युमॅब या औषधाच्या दोन जुळ्या चाचण्या बायोजेन कंपनीने २०१९ च्या मार्चमध्ये अशाच नियमानुसार थांबवल्या. दोन्ही चाचण्यांत औषधाचा परिणाम सारखाच असेल, असे त्या नियमाने गृहीत धरले होते. ऑक्टोबरपर्यंत अधिक आकडे हाती आल्यावर कंपनी म्हणाली की एका चाचणीत लाभ दिसतो. दुसरीत तो दिसत नव्हता. त्यानंतरचा वाद वर्षानुवर्षे चालला, अमेरिकेत औषधाला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२४ च्या आरंभी कंपनीनेच ते मागे घेण्याचे जाहीर केले. नियम लिहिलेला होता, पण त्यातले गृहीतक मोडले तर काय होईल याची पुरेशी तालीम झालेली नसावी, असे माझे मत आहे. अशी तालीम आज संगणकावर करता येते: औषध निरुपयोगी आहे, थोडे उपयोगी आहे, एका ठिकाणी उपयोगी व दुसऱ्या ठिकाणी नाही, असे प्रसंग धरून हजारो काल्पनिक चाचण्या आधी चालवून पाहायच्या आणि नियम कितीदा चुकतो ते मोजायचे.

प्रत्येक चाचणीला ही सगळी यंत्रणा हवीच असे मी म्हणत नाही. कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना देण्याच्या उपचारावरील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘प्लॅसिड’ चाचणीने २०२० मध्ये साध्या, आधी ठरवलेल्या आराखड्यानेच ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्ण तीन महिन्यांच्या आत सामावून घेतले आणि प्लाझ्मामुळे फरक पडत नाही हे स्पष्ट सांगितले. तरीही प्लाझ्मा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला तो २०२१ च्या मे महिन्यात, आणि तोवर दात्यांसाठी घरोघरचे फोन वाजत राहिले. त्या दिरंगाईवर संख्याशास्त्राकडे इलाज नाही.

आपल्याकडची अडचण मला वेगळीच दिसते. मी ज्या कमिटीवर होतो तिच्यासमोर एकदा आलेल्या प्रस्तावात अंतरिम विश्लेषणाविषयी, म्हणजे मध्येच करायच्या हिशेबाविषयी, ‘आवश्यकतेनुसार करण्यात येईल’ एवढेच तीन शब्दांचे वाक्य होते. किती वेळा, कोणत्या कसोटीने, आकडे कोण पाहणार, ते पुरस्कर्त्या कंपनीला कळणार का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. मी विचारल्यावर प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला खरा. पण मी त्या दिवशी रजेवर असतो तर? २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार एथिक्स कमिटीच्या बैठकीची गणपूर्ती होण्यासाठी मूलभूत वैद्यकशास्त्राचा जाणकार, रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा प्रतिनिधी आणि सामान्य नागरिक उपस्थित असावे लागतात. संख्याशास्त्रज्ञाचा त्यात समावेश नाही. बाहेरचा तज्ज्ञ बोलावता येतो, पण गरज ओळखणाराच खोलीत नसेल तर बोलावणार कोण?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. चालू असताना बदलता येणाऱ्या कोणत्याही चाचणीच्या मंजुरीच्या बैठकीत संख्याशास्त्रज्ञाची उपस्थिती अनिवार्य करावी. आणि भारतीय चाचणी नोंदणीत, जी कोणालाही पाहता येते, अशा चाचणीचे थांबण्याचे व बदलाचे नियम पहिल्या रुग्णापूर्वीच्या तारखेसह संपूर्ण द्यावेत. आपल्या वार्ताहरांनी यापुढे एखाद्या औषधाच्या ‘लवकर मिळालेल्या यशा’ची बातमी देताना नोंदणीतली ती तारीख शोधून छापली, तर वाचकाला त्या यशाचे वजन स्वतःच जोखता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संख्याशास्त्र अध्यापक, पुणे