आई-बाबा, ते ट्रॅकसूट घेऊ नका

मिलान, ऑगस्ट

ती. आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं निघाली हे कळलं, आणि आईने पाठवलेली खरेदीची यादीही मिळाली. यादी वाचून आधी पोटभर हसले. मग म्हटलं, हे फोनवर सांगून भागायचं नाही. फोनवर बाबा "थंडी किती असेल?" एवढंच विचारून फोन आईकडे देतात आणि आईची गाडी थेट लोणच्याच्या बरणीवर जाते. म्हणून हे बैजवार लिहिते आहे. आई, बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

दोघांना एकसारखे ट्रॅकसूट, लाल आणि पोपटी फुगीर जाकिटं, पट्ट्यापट्ट्यांचे स्पोर्ट्स शूज, दोन माकडटोप्या. यातलं काहीही घेऊ नका. युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे घरी कधी न घातलेले कपडे मुद्दाम विकत घ्यायची पद्धत पडली आहे. मग ती मंडळी इथल्या कॅथेड्रलच्या चौकात उभी राहिली की शंभर पावलांवरून ओळखू येतात. तुम्ही सांगलीत एखाद्याकडे मुलगी बघायला जाताना जे घालता ना, साधारण तेच इथे बरोबर दिसतं. तुमच्या कपाटात आहे त्यातलं निम्मं चालेल, एवढंच मला सांगायचं आहे. बाकीचं पत्र म्हणजे ते निम्मं कोणतं, याचा तपशील.

मिलान फॅशनचं शहर, म्हणून आईला वाटतं की इथे सगळे रॅम्पवरून नुकतेच उतरल्यासारखे फिरत असतील. तसे लोक दिसतात, पण ते फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, फॅशन वीकच्या दिवसांत, आणि त्यातले बरेचसे बाहेरगावचे. एरवी मेट्रोतला डबा बघ: गडद निळा, राखाडी, तपकिरी, काळा. रंग हे चारच, पण खांद्यावर शिवण नेमकी बसलेली, पँटची लांबी बरोबर, बूट पुसलेले. इथले फॅशन डिझायनर जॉर्जिओ अर्मानी २०२५ च्या सप्टेंबरात गेले, तेव्हा इथे घरचंच कुणी गेल्यासारखं वातावरण होतं. त्या माणसाने कोटाच्या आतलं कडक अस्तर आणि खांद्यातली भर काढून तो अंगावर सैल, मऊ पडेल असा केला, आणि जन्मभर राखाडी-मातकट आणि निळ्या रंगात रमला. या शहराची आवडही तीच. कपडे थोडे, पण अंगाला बसणारे. मला हे मनापासून पटतं. आपल्याकडे आपण कापडावर खर्च करतो आणि मापात हलगर्जी करतो.

अर्थात हे मिलानचं झालं. सगळ्या युरोपला एकच पोशाख नाही. म्युनिकच्या ऑफिसातली माणसं आमच्याकडे येतात ती सरळ डोंगर चढायच्या जाकिटात, पाठीला सॅक लावून, आणि तिकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. इथल्या लोकांच्या भुवया मात्र वर जातात. तुम्ही बहुतेक दिवस इटलीत आहात, तेव्हा इटलीचं धरून चालू.

आता थंडी. बाबा, तुम्ही येताय तो ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सकाळी दहा-बारा अंश, दुपारी विसाच्या आसपास, रोममध्ये थोडं जास्तच. म्हणजे महाबळेश्वरच्या डिसेंबरपेक्षा फार वेगळं नाही. गोम अशी आहे की इथली माणसं थर्मामीटर बघून कपडे घालत नाहीत, कॅलेंडर बघून घालतात. ऋतू बदलला की घरोघरी एक रविवार कपाटं उपसण्यात जातो. उन्हाळ्याचे कपडे माळ्यावर, लोकरीचे खाली. एकदा ते झालं की ऑक्टोबरात लख्ख ऊन पडलं तरी अर्ध्या बाह्यांत कुणी दिसत नाही. दिसलाच तर पर्यटक समजायचा.

आणि घराच्या आत गारठा असेल, हे ध्यानात ठेवा. इमारतीचे हीटर कधी सुरू करायचे हे इथे कायद्याने ठरतं. मिलानमध्ये १५ ऑक्टोबरपासून, रोममध्ये १ नोव्हेंबरपासून. तुम्ही त्याच्या आधी येताय, त्यामुळे संध्याकाळी घरातसुद्धा स्वेटर लागेल. उलट दुकानं आणि रेल्वेचे डबे कधीकधी उबदार असतात. म्हणून एकच जाड गोष्ट नको. आत पातळ सुती, वर पातळ लोकरी, त्यावर कोट. एकेक काढता आणि चढवता आलं पाहिजे.

गळ्याभोवती काहीतरी हवंच. इथे लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात स्कार्फ असतो, आणि त्याला फॅशनपेक्षा भीती जास्त कारणीभूत आहे. वाऱ्याची झुळूक मानेला लागली की माणूस आजारी पडतो, ओले केस घेऊन बाहेर पडणं म्हणजे मरण ओढवणं. शेजारच्या बाई मला हे ज्या स्वरात ऐकवतात त्यावरून त्या आणि आपली आजी सख्ख्या बहिणी वाटाव्यात. तेव्हा बाबांचा तो राखाडी मफलर आणाच. फक्त कानावरून डोक्याला गुंडाळायचा नाही, गळ्याला एक वेढा देऊन टोकं कोटाच्या आत सोडायची.

बाबांचं काम खरं तर सोपं आहे. इथले निवृत्त आजोबा रस्त्याचं खोदकाम किंवा बांधकाम चालू असलं की हात पाठीमागे बांधून कुंपणाशी उभे राहतात आणि मजुरांना मनातल्या मनात सूचना देतात. बोलोन्याकडे अशा आजोबांना उमारेल म्हणतात. बाबा, तुम्ही गावभागातल्या नव्या अपार्टमेंटपुढे जसे उभे राहता, हुबेहूब तसेच. त्यांचा वेशही तुमच्या कपाटातलाच: लोकरी किंवा कॉर्डरॉयची पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला चपटी टोपी. आईने विणलेला तो शेवाळी स्वेटर आणा. तो इथे विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत ठेवाल. अर्ध्या बाह्यांचे शर्ट घरी राहू देत. पट्ट्याला लटकणारा मोबाइलचा पाउच आणि खिशाला दोन पेनं मात्र सोडून या, हात जोडून विनंती. बँकेत निवृत्तीच्या दिवशी घातलेलं निळं ब्लेझर चालेल का, असं विचारलंत. चालेल काय, पळेल. एक ब्लेझर, दोन पँट, चार शर्ट यात तुमचा प्रवास निभतो.

आता आई. साडी नेसू की नको, हा प्रश्न तू तीन वेगवेगळ्या लोकांना विचारलास हे मला वहिनीने सांगितलं. नेस. पँट घालून अवघडून चालण्यापेक्षा साडीत तू ताठ चालतेस, आणि इथे ताठ चालण्याला फार मान आहे. लोक वळून बघतील, कुणी थांबून कापडाला हातही लावेल. फक्त थोडे बदल कर. परकराच्या आत लोकरी लेगिंग, ते कुणाला दिसत नाही. ब्लाउजऐवजी गळाबंद, पूर्ण बाह्यांचा पातळ काळा स्वेटर. इथे रस्ते दगडी आणि पावसात निसरडे, म्हणून साडी नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेस, आणि सरकत्या जिन्यावर निऱ्या हातात धर. वरचा कोट मात्र गुडघ्यापर्यंत हवा. कमरेपर्यंतचं फुगीर जाकीट साडीवर घातलं की वरून आखूड नि खालून घेरदार असं काहीतरी विचित्र दिसतं. आपल्या बायका परदेशात साडीत चांगल्या दिसत नाहीत, हा समज त्या जाकिटानेच पसरवला आहे, असं माझं स्पष्ट मत.

साड्या तीनच आण. इरकल, ती मेंदी रंगाची सुती, आणि संक्रांतीची चंद्रकळा. "चांगल्या प्रवासाला काळं कशाला?" हे ऐकू आलं मला! पण संक्रांतीला आपण काळं का घालतो, तर ऊब राहते म्हणून, असं तूच सांगत आलीस. इथे अर्ध शहर सहा महिने संक्रांत पाळतं असं समज. चंद्रकळा ला स्काला ऑपेरा हाउसच्या रात्रीसाठी आहे. सात डिसेंबरला तिथे हंगामाची पहिली रात्र असते, तेव्हाचा दागिन्यांचा थाट वेगळाच. इतर दिवशी नियम एवढाच की अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून आलात तर आत सोडत नाहीत. काळ्या साडीसमोर तिथल्या बायका फिक्या पडतील, लिहून ठेव. मिलानपासून तासाभराच्या आत कोमो आहे. रेशमासाठी नावाजलेलं गाव, रेशमाचं संग्रहालयही आहे. त्या दिवशी मात्र तुझी रेशमी साडी नाही म्हणून हळहळू नकोस.

दागिने कमी. इथल्या बायका एक बारीक साखळी, एक अंगठी, फार तर मोत्याच्या कुड्या घालतात. तुझं छोटं मंगळसूत्र स्वेटरच्या आत राहू दे, पाटल्या-बांगड्या लॉकरमध्ये. शोभेचा प्रश्न नाही, मिलानच्या स्टेशनात आणि रोममध्ये टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापूंचे हात सफाईने चालतात. पर्सला चेन हवी आणि ती पुढच्या बाजूला हवी.

बुटांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे माणूस आधी बूट बघतो. रोमच्या जुन्या भागात काळ्या दगडाचे छोटे चौकोन बसवलेत, त्यांच्या फटीत टाच अडकते. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल, बहुतेक सगळे पायऱ्यांचे. म्हणून सपाट, रबरी तळव्याचे, बंद बूट. "युरोपात स्नीकर्स घालू नका" हा सल्ला जुना झाला. मिलानमधले वकीलसुद्धा कोटाखाली पांढरे चामडी स्नीकर्स घालतात, पण ते एकरंगी आणि स्वच्छ असतात. चकाकते जाळीदार पळायचे बूट वेगळे. बूट आतापासून घालून रोज आमराईत फेऱ्या मारा, कोरे बूट घेऊन इथे येऊ नका.

बाबांनी कोल्हापुरी चपला आणू का, असं जरा मिश्कीलपणे विचारलं होतं. मला कळलं कशावरून ते. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इथल्या फॅशन कंपनीने आपल्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला पुरुषांच्या पायात घालून आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्याकडे आरडाओरडा झाल्यावर त्यांनी मान्य केलं की प्रेरणा तिथलीच. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेल्या, आपल्या सांगली जिल्ह्यातही बनणाऱ्या चपलेला ओळख द्यायला त्यांना एवढं लागावं याचा मलाही राग आला. पण बाबा, ऑक्टोबरच्या पावसात ओल्या दगडावर त्या चामडी तळव्याने घसरलात तर प्राडा येणार नाही उचलायला. एक जोड आणा, घरात घालायला आणि माझ्या मैत्रिणींना दाखवायला.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रोमच्या सेंट पीटर्सला आणि मिलानच्या दुओमोला, म्हणजे कॅथेड्रलला, दारावरच बघतात. तुम्हा दोघांना त्याची काळजी नाही. बाबांनी आत शिरताना टोपी काढायची. बूट मात्र काढायचे नाहीत. आई, तुझे हात बुटांच्या बंदाकडे जातील, पण तसेच आत जा.

तुमची ती फुगीर जाकिटं एकाच दिवशी लागतील, स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला. स्टेशनच ३४५४ मीटरवर आहे, बारा महिने बर्फ. त्या एका दिवसासाठी माझं आणि निखिलचं जाकीट, हातमोजे, कानटोप्या सगळं इथे आहे. तिथे हवी तेवढी लाल टोपी घाला, फोटो चांगले येतात.

फ्लॉरेन्समध्ये बाबांना चामड्याचा एक पट्टा घ्यायचा आहे, तेव्हा नवा घेऊन येऊ नका. तीच गोष्ट आईच्या पर्सची. एका दुकानात सत्तर युरोंच्या वर खरेदी झाली तर कराचा काही भाग विमानतळावर परत मिळतो, त्याचे कागद मी बघेन. बॅग अर्धी रिकामी आणा. चार दिवसांनी मी कपडे धुऊन घालते, इस्त्री आहे घरात.

राहिले कोट. ते मी इथेच बघते. सध्या ऑगस्टच्या सुट्टीत निम्मी दुकानं बंद आहेत, सप्टेंबरात उघडली की घेईन. पण मापं लागतील, आणि नुसता "एल" किंवा "एक्सएल" कळवून उपयोग नाही. बाबांचा छातीचा ४० इंच म्हणजे इथला ५० नंबर. बायकांचं तर इटलीतलं ४४ फ्रान्समध्ये ४० होतं आणि जर्मनीत ३८. तेव्हा शिंपीकाकांकडे जा. बाबांनी स्वेटर घालून आणि आईने साडी नेसून माप द्यायचं: छाती, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत बाही, आणि मानेपासून गुडघ्यापर्यंत उंची. सेंटिमीटरमध्ये लिहून फोटो पाठवा. दुकानाच्या पावतीमागे लिहिलं असेल तरी चालेल, पण आकडा वाचता यावा. आणि दुकानदाराने ट्रॅकसूट आधीच बांधून ठेवले असतील तर दादाला पाठवून परत करा, तो घासाघीस बरी करतो.

आजीला नमस्कार. पिंट्याला खाऊ आणेन म्हणून सांगा.

तुमची,
मनू

ता. क. लोणचं चालेल, पण बरणी प्लास्टिकची आण, आणि ती चंद्रकळेपासून लांब ठेव.