बेळगावातल्या उद्यमबागच्या पॅटर्नवाल्या मेस्त्रीमामांना

आदरणीय मामांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर वाचत नाही, नातीकडून वाचून घेता. तिला सांगा, सावकाश वाच. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण आमच्या खानापूर तालुक्यात कितीतरी घरांत सागवानी देव्हारे ऑइल पेंटच्या थरांखाली दडून बसलेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्या घरांपर्यंतही पोचायला पाहिजे.

रंग उतरवून घासलेला आमचा देव्हारा गणपतीच्या आधी तयार झाला, मामा. खांबांवरच्या वेलीची पानं आता एकेक मोजता येतात. आईनं कमानीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "सासूबाईंच्या वेळी असाच लागायचा हाताला." नंतर बराच वेळ ती तिथंच बसून होती. त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

आपली भेट झाली त्या दिवशी मी काय अवस्थेत होते ते तुम्ही पाहिलंत. आधीच्या आठवड्यात एका दुकानात मला सांगितलं होतं, "चार इंची ग्राइंडर न्या, पॉलिश पेपरची चकती लावा, अर्ध्या तासात लाकूड उघडं पडतंय बघा." मी आणला. डाव्या खांबाच्या माथ्यावर कमळ आहे, त्याला चकती नुसती टेकली आणि एका पाकळीची धारच गेली. आजोबांनी हातानं कोरलेली पाकळी. मशीन बंद केलं, दोन दिवस देव्हाऱ्याकडं बघवलं नाही. मग फोटो घेऊन बेळगावला आले, याहून लहान चकती मिळते का विचारायला. काउंटरवर तुम्ही कापडी एमरी, म्हणजे कापडावरचा पॉलिश पेपर, मोजून घेत होता. फोटो बघितलात आणि म्हणालात, "पोरी, आधी हे थांबव. गेलेलं लाकूड परत येत न्हाई."

दुकानदाराशी कन्नडात दोन शब्द बोलून तुम्ही मला बाहेर बाकड्यावर बसवलंत आणि हिशेब मांडलात. चार इंची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते, म्हणजे तिची कड सेकंदाला सुमारे 58 मीटर पळते. पॉलिश पेपर चढवलेला पाव इंची छोटा ड्रम 10,000 फेऱ्यांवर फिरवला तर त्याची कड सेकंदाला सुमारे सव्वातीन मीटर. "पाकळी केवढी, आणि तिच्यावर सोडायलीस काय!" मी मशीन निवडत होते ताकद बघून. तुम्ही मला कोपरा बघायला लावलंत.

तुमचं काम काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढच्या सोमवारी तिसऱ्या रेल्वे गेटजवळ उतरून तुमच्या शेडमध्ये आले तेव्हा कळलं. फाउंड्रीत ओतायच्या भागाचा आधी पॅटर्न लागतो, म्हणजे वाळूत साचा उमटवायचा लाकडी नमुना, आणि तो तुम्ही करता. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून तुमच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा 1/8 इंच मोठा असतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात एक ओरखडा जरी राहिला तरी वाळू तिथं धरून बसते आणि पॅटर्न उचलताना साच्याची कड ढासळते. ज्याच्या कामाची परीक्षा रोज वाळू घेते, त्यानं माझ्या देव्हाऱ्याचे कोपरे बघितले, हे माझं नशीब.

आणि मग तुम्ही विचारलंत, "तुझ्या घरात फिरणारं, थरथरणारं काय काय आहे?" नवं काय घ्यायचं ते नंतर. मी म्हटलं, मामा, माझं पार्लर आहे, नखं घासायची पेनसारखी मशीन आहे. तुम्ही ती मागवून घेतलीत, तोंडाशी कॅलिपर लावलात आणि हसलात. तोंडाचं भोक 2.35 मिलिमीटर! सोनारांच्या टांगत्या मोटरीच्या हँडपीसला बहुतेक हीच दांडी चालते, दातांच्या लॅबमध्येही हीच. मोठ्या रोटरी टूलचं तोंड साधारण 3.2 मिलिमीटरचं असतं. एवढं एक माप कळलं आणि शहापुरात सराफांच्या सामानाच्या दुकानातून रबराची बारीक टोकं, चिरेची दांडी, छोटे ड्रम असं सगळं मिळालं. नवी मशीन घ्यावीच लागली नाही. तिचा वेग खालून पहिल्या पाव भागातच ठेव, दाबू नकोस, अंग तापलं की दहा मिनिटं विसावा दे, हे तुम्ही तीनदा बजावलंत. दाबलं की ती अडते, वेग वाढवला की साग करपून काळा डाग पडतो. दोन्ही मी अनुभवलं, पण तुम्ही दिलेल्या फळकुटावर. देव्हाऱ्यावर नाही.

फिरणारं कुठं आणि थरथरणारं कुठं, हे मात्र तुमच्याशिवाय मला कुणीच सांगितलं नसतं. वेलीच्या वळणात, पाकळीच्या खोलगट पोटात फिरणारं चालतं. सपाट पट्टी जिथं दुसऱ्या पट्टीला काटकोनात भिडते तिथं ड्रम नेला की खड्डाच पडणार, तिथं थरथरणारं पाहिजे. तुमच्या मल्टी-टूलची तिकोनी गादी जेमतेम तीन अंशात डावीउजवी हलते, म्हणून टोक कोपऱ्यात शिरतं आणि बाजूचं लाकूड वाचतं. ती तुम्ही मला आठ दिवस वापरायला दिलीत. तिचंही टोक जाईना तिथं माझ्या मुलाचा सेलवरचा जुना टूथब्रश कामाला आला. डोकं कापून त्यावर वेल्क्रोचा नखाएवढा तुकडा, वर 220 नंबरचा बारीक पॉलिश पेपर. ताकद काहीच नाही त्याला, खरबरीत लाकूड तो घासणार नाही. पण शेवटचा हात फिरवायला देवाच्या पाटाखालच्या खाचेत दुसरं काहीच पोचलं नसतं. कमानीच्या गोलाईला तर मोटर नकोच म्हणालात. जुन्या स्लीपरचं रबर कापून गोलाईत बसवलंत, त्यावर कागद गुंडाळलात, झालं.

पण माझ्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे तुमची ती चिरलेली सळई. सहा मिलिमीटरची, बोटापेक्षा जरा लांब, टोकाला हॅक्सॉनं इंचभर चीर पाडलेली. चिरेत कापडी एमरीची पट्टी अडकवायची, दोन वेढे द्यायचे आणि साध्या ड्रिलमध्ये हळू फिरवायची. वेढे कुठल्या बाजूनं द्यायचे ते तुम्ही माझा हात धरून दाखवलंत. पट्टीचं मोकळं टोक फिरण्याच्या दिशेच्या मागं राहिलं पाहिजे, शेपटासारखं. उलटं गुंडाळलं तर ते लाकडात रुततं आणि पट्टी फाटते. टोक झिजलं की तेवढंच कापायचं, आतली कोरी एमरी वर येते. जाळीतली भोकं, जिथं माझी करंगळीही जात नव्हती, ती या सळईनं आतून गुळगुळीत झाली.

कागदाच्या नंबरांबद्दल तुम्ही थोडक्यातच सांगितलंत: नंबर वाढेल तसा कागद बारीक, 80 नंतर 120, मग 180, मग 220, मधला गाळायचा नाही. पण प्रत्येक नंबराआधी पेन्सिलीनं लाकडावर फिक्या रेघोट्या मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंतच घासायचं, ही युक्ती मी आता पार्लरमधल्या मुलींनाही सांगते. रात्री टॉर्च आडवा धरून बघायचा. शेवटी जुना नायलॉनचा मोजा फिरवायचा, जिथं धागा अडकेल तिथं काम बाकी. तुमच्या वाळूची जागा माझ्या घरात मोज्यानं घेतली.

रंगाच्या बाबतीत तुम्ही कडक होता, आणि बरं झालं होता. जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं, घरात लेकरू आहे. घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्याकडं 2016 साली आले. आमच्या देव्हाऱ्यावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून पेंट रिमूव्हर लावून, खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून मगच मशीन हातात घेतली. सागाची धूळही छातीला वाईट, त्यामुळे एन-95 मास्क, चष्मा, केस बांधलेले, ओढणी खुंटीवर. ओढणीचं तुम्ही रोज फोन करून विचारायचात. माझे वडील असते तर त्यांनीही असंच विचारलं असतं.

त्या पाकळीबद्दल लिहायचं राहिलं. शेवटच्या रविवारी तुम्ही स्वतः खानापूरला आलात, चहासुद्धा नंतर म्हणालात. बारीक पटाशी काढलीत, गेलेल्या धारेच्या मागं मिलिमीटरभर आत नवी धार काढलीत आणि शेजारच्या दोन पाकळ्या तिला जुळतील एवढ्या हलक्या उतरवल्यात. वीस मिनिटं घरात कुणी बोललं नाही. नंतर सळईनं मलाच घासायला लावलंत. पैसे विचारले तर पिशवी उचलून दाराबाहेर. आईनं दिलेले कुंद्याच्या मिठाईचे दोन डबे तेवढे घेतलेत, तेही नातीसाठी.

चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश मी पाच हात दिलं, प्रत्येक हातामध्ये 320 चा कागद अगदी अलगद. उजव्या खांबाच्या तळाशी एका ठिकाणी मोजा अजून अडकतो. ते तसंच ठेवलंय, तुम्हाला दाखवून मग घासीन.

तुमची सळई माझ्याकडंच राहिली आहे. तिच्यासारख्या दोन मी इथं लेथवाल्याकडून करून घेतल्यात. सोमवारी पार्लर बंद असतं, तेव्हा ती द्यायला येते. मल्टी-टूलची गादी झिजली होती, नवी आणलीय, तीही आणते.

तुमची,
खानापूरची पार्लरवाली पोरगी