कंदील विझतो, हे आधीच सांग

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

माझी रहस्यकादंबरी छापून आली. परवा गठ्ठे उतरवले, त्यातली पहिली प्रत तुमच्यासाठी बाजूला काढली आहे. अर्पणपत्रिकेचा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "माझं नाव छापलंस तर ते पुस्तक मी माझ्या वाचनालयात ठेवणार नाही." तोंडावर कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही चष्मा पुसायला घेता आणि विषय नदीच्या पाण्यावर नेता. म्हणून हे उघडं पत्र. नाव नाही, गल्ली नाही. सांगलीच्या गावभागात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाच्या पट्ट्या लिहिते. दिवसभर वजन, हमाली, तोलाई, अडत. रात्री खून. असं चार वर्षं चाललं आणि ४१२ पानांचं बाड तयार झालं. ते पिशवीत घालून तुमच्याकडं दिलं ते दिवाळीच्या आधी. तुम्ही परत केलंत एकोणिसाव्या दिवशी. बाड उघडलं तर अकरा पानांचे कोपरे दुमडलेले! कोपरा दुमडला म्हणून आठवीतल्या पोरालाही दंड लावणारे तुम्ही. मला रागच आला होता, आता सांगायला हरकत नाही.

"अकरा वेळा झोप लागली मला," तुम्ही म्हणालात. "आणि अकराही वेळा तूच थोपटून निजवलंस बघ."

घरी येऊन एकेक कोपरा उलगडला. अकराच्या अकरा ठिकाणी प्रकरण संपत होतं. कुठं ती दार लावून घेते, कुठं तो दिवा मालवतो, एका ठिकाणी तर पाऊस थांबून चांदणं पडलं होतं. मीच पात्रांना पांघरूण घालत होते, मग वाचकानं जागं कशाला राहायचं?

पुढच्या शनिवारी तुम्ही कपाटातून तीन जुन्या कादंबऱ्या काढल्यात, शिवण सुटलेल्या, पाठीला पट्टी चिकटवलेल्या. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर बोट ठेवलंत. चौदाला नेलं, पंधराला आणलं. वीसला नेलं, एकवीसला आणलं. मग दुमडलेले कोपरे दाखवलेत. एकही प्रकरणाच्या शेवटाला नव्हता. सगळे अधेमधे, भर प्रसंगात, एक तर जिना चढणाऱ्या माणसाच्या पाचव्या पायरीवर. "इथं वाचकाला झोपेनं पाडलंय. लेखकानं नाही पाडलेलं." एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, त्याखाली दोन ओळी गेलेल्या. कुणीतरी त्या दोन ओळी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवल्या होत्या, पुढच्या माणसासाठी. मी इतकी वर्षं जे पुस्तकांच्या परीक्षणांतून शोधत होते ते तुमच्या त्या कपाटात पडून होतं.

मग मी उलट टोकाला गेले. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दारावर थाप. तुम्ही वाचलंत आणि एवढंच म्हणालात, "दर वेळी दार उघडल्यावर दूधवालाच असेल तर पाचव्या थापेला कोण उठेल गं?" ती सगळी प्रकरणं परत लिहिली. आता कुठं थाप आहे, कुठं साधा हिशेब चुकलेला आहे, आणि एका ठिकाणी प्रकरण अगदी शांत संपतं, कारण त्याच्या आधीची चार पानं शांत नाहीत.

माझा दुसरा हट्ट नियमांचा होता. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, पण त्याच्या मनातलं वाचकाला कळता कामा नये. गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको. सापडलेला धागा वाचकापुढं मांडायलाच हवा. मी ते पाठ केले होते आणि तुम्हाला ऐकवले. तुम्ही म्हणालात, "१९२९? म्हणजे आपल्या आयर्विन पुलाचं साल की. चल, पुलावर जाऊ."

जुलै होता. पुलावर नेहमीसारखी माणसं वाकून कृष्णेच्या पाण्याची फुटपट्टी बघत होती. सांगलीत पावसाळ्यात रामराम करायच्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. मी तिथं शहाणपणा करून सिनेमावाल्या हिचकॉकचं उदाहरण दिलं: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं नाही तर क्षणभर दचकवता येतं, सांगितलं तर पंधरा मिनिटं ताणून धरता येतं. तुम्ही नदीकडं बघत म्हणालात, "आपल्याला बॉम्ब कशाला पाहिजे? कोयना आहे की."

तुम्ही पुढं जे बोललात ते मी त्याच रात्री पट्टीच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवलं होतं, म्हणून जवळजवळ तुमच्याच शब्दांत देते. धरणाचे सहाही दरवाजे उचलल्याची बातमी येते. पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि इथवर यायला वेळ लागतो. त्या वेळात सांगलीत कधीकधी लख्ख ऊन पडलेलं असतं. भाजीवाली घाटाजवळ बसलेली, पोरं क्रिकेट खेळतायत. आणि एक बाहेरगावचा माणूस येतो, नदीकाठच्या सावलीत गाडी लावतो, काच बंद करतो, मुक्कामाला निघून जातो. "त्याला माहीत नाही. तुला माहीत आहे. आता तुझी नजर दुसरीकडं जाते का सांग."

नाही गेली. काठाला तशी गाडी खरंच नव्हती, तरी मी घाटाकडंच बघत राहिले.

माझ्या कादंबरीचं दुखणं नेमकं तिथं होतं. मी सगळं वाचकापासून लपवून ठेवत होते आणि त्यालाच रहस्य समजत होते. मृत्यू सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवात होतो. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते: पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार, तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं. वाळलेली हळद आत भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण किडीला लागणारी हवाच आत उरत नाही. आणि जी किडीला उरत नाही ती माणसालाही उरत नाही. कर्बवायू जड, तळाशी बसून राहतो, त्याला वास नाही की रंग नाही. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच ठेवायचे, मग दोरीनं पेटता कंदील सोडायचे. ज्योत टिकली तर माणूस उतरायचा.

पहिल्या बाडात माझी नायिका, त्या घरची सून, पेवात उतरत होती, बेशुद्ध पडत होती, आणि मग तीस पानांनी डॉक्टर सांगत होता की आत हवा नव्हती. तुम्ही समासात लिहिलंत: 'हे मला आधी सांग.' मी वाद घातला. धक्का जाईल, म्हटलं. "जाऊ दे की. धक्का एका ओळीचा असतो. तुला पानं किती भरायचीत?"

आता छापलेल्या पुस्तकात कंदील आधी खाली जातो. सोडणारा माणूस तो विझलेला बघतो. दोरी वर ओढतो, काच पुसतो, पेव तसंच उघडं टाकून निघून जातो आणि कुणाला काही बोलत नाही. त्यानंतर सहा पानं सून अंगणात आहे. पोती मोजते. पदर खोचते. शेजारणीशी हुज्जत घालते. शिडी आणायला पोराला पाठवते, पोरगं रस्त्यात गोट्या खेळत बसतं. प्रसंग तोच, पेवही तेच. पण माझ्या बहिणीनं ही पानं वाचताना मध्येच पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि मला म्हणाली, "उतरू देऊ नकोस तिला."

ही बाई वाचकाला आपली वाटली तीही तुमच्यामुळं. आधी ती नुसती देखणी, सोशिक वगैरे होती. तुम्ही विचारलंत, "हिला आज संध्याकाळी कुठं पोचायचंय?" मला सांगता येईना. "मग ती मेली काय नि जगली काय, माझं काय अडलं? तिला साडेपाचला कुठंतरी पोचायचं असू दे." मी तिला मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला पाठवायचं ठरवलं. त्याला तिथं दोन ओळी म्हणायच्या आहेत, तिनं त्या शिकवल्या आहेत. त्यानंतर घड्याळ दाखवायची मला गरजच पडली नाही, वाचक आपोआप वेळ मोजायला लागतो.

शेवटाबद्दल तुम्ही सगळ्यात कडक होतात. माझ्या शेवटच्या प्रकरणात कपाटातून एक पत्र निघत होतं आणि सगळा उलगडा होत होता. तुमचा शेरा: 'हे पत्र ३९० पानं कुठं होतं? पोस्टात?' त्यावर मी आठवडाभर तुमच्याकडं फिरकले नाही. ते पत्र गेलं. त्याऐवजी बाविसाव्या पानावर एक साधं वाक्य आहे, पोत्यांच्या यादीत मिसळलेलं. कुठलं, ते इथं लिहिणार नाही. उलगडा झाल्यावर वाचकानं मागं जाऊन ते शोधावं आणि 'हे मी वाचलं होतं की!' म्हणावं, एवढ्यासाठी महिनाभर त्या एका यादीशी झटापट केली. कलाटण्या तीन होत्या, एक राहिली. शेवटून दुसऱ्या प्रकरणातला योगायोग मात्र मी ठेवलाय. तुम्हाला तो अजून पटत नाही, मला माहीत आहे. मला पटतो.

आणि ती फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, गेलेली पुस्तकं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही २००५ च्या पाण्याची भिंतीवरची खूण बघून, त्याच्यावर हातभर सोडून पुस्तकं रचलीत. पाणी आयर्विनला ५७ फुटांच्या पुढं गेलं. खूण खाली राहिली. वाळवताना कित्येक पुस्तकांचा शेवटचा फर्मा लगद्यासारखा हातात आला, सोळा सोळा पानं. तुम्ही ती पुस्तकं रद्दीत घातली नाहीत, 'शेवट नाही' अशी चिठ्ठी लावून ठेवलीत. लोक नेत होते! आणि परत करताना काहीजण न बोलता ठेवून जायचे, काहीजण टेबलाशी घुटमळायचे. "काका, मग त्या मुनीमाचं काय झालं?" कुणी विचारलं ते तुम्ही वहीत टिपून ठेवलं होतं, पुस्तकाच्या नावापुढं नुसत्या काड्या. काही पुस्तकांपुढं एकही काडी नव्हती. ती वही तुम्ही मला दाखवलीत तेव्हा पुस्तकं बुडाल्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

दुसरं बाड तुम्ही तिसऱ्या दिवशी परत केलंत. कोपरा एकच दुमडलेला होता, पान १६७, शिडी टेकवून ती पहिल्या दांडीवर पाय ठेवते तिथं. पानावर भडंगाचा तेलकट डाग. मी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "लाइट गेली होती. झोपलो नव्हतो."

रविवारी प्रत घेऊन येते. काकूंना सांगा, चहा ठेवू नका, पोहे चालतील. भडंगाची पुडी आणणार आहे, पण ती काकूंच्या हातात देईन. पुस्तक वाचून झाल्याशिवाय तुम्हाला मिळायची नाही.

तुमची,
पट्ट्या लिहिणारी